पान्हा

"आजपासून हिला अंगावर पाजायचं नाही," बाळांच्या डॉक्टर कर्णिक मॅडम म्हणाल्या.

आठवड्याची लेक काचेच्या पेटीत हळदीसारखी पिवळी पडली होती. हर्षदाला कळेना. "आईच्या दुधाने काय होतं?"

"दुधातली साखर पचवायला यकृतात एक एन्झाइम लागतं. हिच्या अंगात ते तयारच होत नाही. मग ती साखर विषासारखी साठत जाते. सोयाबीनच्या दुधावर मात्र लेक वाढेल तुमची."

हर्षदाने पेटीच्या काचेवर हात टेकवला. "माझा पहिला मुलगाही असाच पिवळा पडून गेला. त्यालाही हेच असेल?"

"असू शकेल."

"उलट्या करायचा, वाळत चालला होता. सगळे म्हणायचे, पाज. मी त्याला झोपेतून उठवून पाजायचे."

"तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, हर्षदा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात लेक भुकेने रडू लागली आणि पान्हा फुटून हर्षदाचा गाऊन ओला झाला. नर्सने बाळाला उचलून तिच्यापुढे धरलं. "सोयाचं दूध आणतेय, तोवर नुसतं जवळ घ्या."

हर्षदा दोन्ही हात छातीशी आवळून भिंतीपर्यंत मागे सरकली.