होळीच्या चौकात आधी कोण

“चौकात आधी कोण जाणार?” गुप्ते साहेबांनी विचारलं.

“उजवीकडून येनारा, सायेब,” पास्कल म्हणाला. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. पंधरा दिवस त्याची बायको उर्सुला चुलीपुढं बसून त्याच्याकडून वाहतुकीचे नियम घोकून घेत होती आणि शेजारीपाजारी हसत होते. हसेनात का. आज लायसन मिळालं तर केळीची ही लॉरी उद्यापासून पास्कल चालवणार. नाही मिळालं तर मालक बॅप्टिस्ट मुंबईहून ड्रायव्हर आणणार, आणि पास्कल जन्मभर दुसऱ्यांच्या केळीच्या वाड्यांना पाणी शिंपत बसणार. बॅप्टिस्टनं तसं तोंडावर सांगितलं होतं.

परीक्षा घ्यायला साहेब ठाण्याहून आले होते. माणूस भलताच कडक. सकाळपासून दोघांना नापास करून झालं होतं. मांडीवर फॉर्म, हातात पेन्सिल आणि डोक्यावर हॅट, असे ते लॉरीत पास्कलच्या शेजारी बसले होते.

गावातला होळीचा चौक आला. उजवीकडं वळायचं होतं. पास्कलनं वेग कमी केला, खिडकीतून हात बाहेर काढून सरळ धरला. उजवीकडचा रस्ता मोकळा होता. समोरून एक बैलगाडी येत होती, ती अजून लांब होती. तेवढ्यात डावीकडच्या गल्लीतून घंटा ऐकू आली.

“डावीकडचा थांबेल. तू वळ,” साहेब म्हणाले.

पास्कलनं लॉरी थांबवली.

“अरे, वळ म्हणतोय ना मी!”

पास्कलनं इंजिन बंद केलं, दार उघडून खाली उतरला आणि भर चौकात धुळीत गुडघे टेकले. हॅन्डब्रेक ओढायचा राहिला, हे त्याला गुडघे जमिनीला लागल्यावर आठवलं. लॉरी वीतभर पुढं सरकली. मग आतून ब्रेक ओढल्याचा कर्रकन आवाज आला. संपलं, गेलं लायसन, असं त्याच्या मनात आलं. पण तो उठला नाही.

गल्लीतून घंटा वाजवणारा माणूस आला. त्याच्या मागून पांढऱ्या झग्यातले फादर, दोन्ही हात छातीशी धरलेले. कुणा मरणाऱ्याच्या घरी शेवटचा साक्रामेंत, ख्रिस्त ज्यात असतो ती पवित्र भाकर, घेऊन ते निघाले होते.

साहेब तावातावानं खाली उतरले ते पास्कलला फैलावर घ्यायलाच. पण त्यांची नजर चौकावर गेली आणि ते जागीच थांबले. समोरचा गाडीवान गाडी सोडून बैलांपुढं गुडघ्यावर आला होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजू नयेत म्हणून त्यानं त्या दोन्ही मुठींत धरल्या होत्या. शाळेच्या मास्तरांनी सायकल आडवी टाकली होती. बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या होत्या. त्यांतली कमळी ख्रिस्ती नव्हे, पण तीही हात जोडून उभी होती.

पोलीस खात्यातल्या वीस वर्षांत साहेबांनी चौकाचौकांत हवालदार उभे केले, शिट्ट्या वाजवायला लावल्या, दंड ठोकले. इतका गप्प चौक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. हॅट कधी हातात आली ते त्यांना कळलं नाही.

फादर कुणाकडंही न बघता पुढं गेले.

“कोण आजारी आहे?” साहेबांनी हळूच विचारलं.

“ठाऊक नाय, सायेब.”

“मग यांच्यापैकी कुणाला ठाऊक असेल?”

“कुनालाच नसंल,” पास्कल म्हणाला. “कुनीतरी चाललाय. त्याच्याकडं देव निघालाय. मग आपन थांबायचं.”

घंटा लांब गेली तरी कुणी हललं नाही. ती ऐकू येईनाशी झाली, तेव्हा पास्कल गुडघे झाडत उठला.

“आता आधी कोण?” साहेबांनी विचारलं. या वेळी ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“बुकात उजवीकडचा, सायेब. पन इथं डोक्यावर ओझं असलेल्या बाया आधी. कुनी हात लावल्याबिगर त्यांची टोपली उचलत नाय.”

तेवढ्यात कमळीनं हाक मारलीच. “अवो दादा, जरा हात लावा.” तिला साहेब-बिहेब काही ठाऊक नव्हतं. जवळ जो उभा होता त्याला ती म्हणाली.

साहेब वाकले. मुळासकट उपटून पाण्यात बुचकळलेली माठाची भाजी होती, टोपली चांगली जड होती. ती कमळीच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवेपर्यंत गढूळ पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. कमळी मागं न बघता चालू लागली. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. त्यांच्यानंतर बैलगाडी गेली, मास्तरांची सायकल गेली. सगळ्यांच्या शेवटी लॉरी उजवीकडं वळली.

वळणापुढं साहेबांनी लॉरी बाजूला घ्यायला सांगितली.

“उतरताना ब्रेक ओढला नव्हतास.”

“नाय, सायेब.”

“ते मी लिहिणार.”

त्यांनी लिहिलं. पास्कलनं मान खाली घातली. फॉर्मवर पुढचा रकाना होता, ‘चौकात वाट देणे’. तिथं साहेबांची पेन्सिल अडली. मग तो रकाना तसाच सोडून त्यांनी खाली ‘पास’ लिहिलं, सही केली आणि फॉर्म पास्कलच्या हातात दिला.

रकाना मात्र कोरा नव्हता. फॉर्म धरताना तिथं साहेबांचा अंगठा उमटला होता, माठाच्या मातीचा.