मोकळी जागा

“आधीच्या माणसाला अक्कल कमी होती,” ती कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. “नोंदींना एवढीशी जागा कोण देतं?”

साहेब खिडकीपाशी उभे होते. दरीच्या पलीकडे डोंगर होता. त्याच्या उतारावर लोखंडी खांब रोवलेले होते आणि खांबांवर जमिनीची हालचाल टिपणारी उपकरणं होती. पायथ्याशी घरांच्या रांगा. उपकरणांच्या नोंदी या कार्यालयातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर येत. त्याची डिस्क गच्च भरली, म्हणून तिला बोलावलं होतं.

तिने नवी डिस्क जोडली आणि कागदावर आखणी केली. थोडी जागा सिस्टमला, थोडी कार्यालयाच्या कामाला, मोठा वाटा नोंदींना. आणि बरीचशी जागा कुणालाच नाही.

“ही मोकळी का?” साहेबांनी विचारलं.

“कुणाचं पोट किती वाढेल, ते आज कसं सांगणार? पक्क्या भिंती घातल्या की पुढे पंचाईत. त्यापेक्षा पडदे लावायचे. ज्याला जागा कमी पडेल त्याचा पडदा सरकवायचा. मशीन बंदसुद्धा करावं लागत नाही.”

“सरकवायचा,” साहेब स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

तिने जुनी आखणी उघडली. आधीच्याची चूक बघून जरा हसावं, एवढाच हेतू. पण चूक सापडेना. त्याने पुढच्या कित्येक वर्षांची सोय करून ठेवली होती. इतकी वर्षं त्या जागेचा कोपराही भरला नव्हता. मग अवघ्या पंधरवड्यात सगळी फस्त.

“साहेब, उपकरणं बिघडलीत का? सारखी लिहीत सुटलीत.”

“बिघडलेली नाहीत,” साहेब म्हणाले. “जमीन हलली तरच ती लिहितात.”

तिने नोंदींचा वाटा चालू केला. तो तिच्या डोळ्यांदेखत भरायला लागला. तिने पडदा सरकवला. थोड्या वेळाने पुन्हा सरकवला. मग तिने खिडकीबाहेर, पायथ्याच्या घरांकडे पाहिलं.

“त्या खालच्या घरांत माझी ताई राहते,” ती म्हणाली.

“घाबरण्यासारखं काही नाही. मी वर कळवलंय. उत्तर यायचंय. लोकांना उठवलं आणि काही झालंच नाही, तर जबाबदार कोण?”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पाठ वळवली, आवाज खाली आणला. पण खोली ती केवढी!

“नाही, इतक्यात परत येऊ नका. मुलांना राहू दे मामाकडेच.”

ते वळले तेव्हा ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी नजर चुकवली.

तिने त्यांच्यासमोरच फोन लावला. “ताई, मुलांना घे आणि बाहेर पड. पूल ओलांडून अलीकडे ये, वरच्या शाळेपाशी. रांगेतल्या सगळ्यांना सांग.”

“आत्ता? अगं, कणीक भिजवून ठेवलीय. झालंय काय ते तरी सांगशील?”

“डोंगर सरकतोय, ताई.”

पलीकडून ताईने मुलांना मारलेली हाक ऐकू आली.

“हे तुला महागात पडेल,” साहेब म्हणाले. पण तिच्या हातातून फोन घ्यायला ते पुढे झाले नाहीत.

ती पडदे सरकवत राहिली. मध्येच मान वर करून बघायची. पुलावर मुंग्यांसारखी माणसं दिसत होती. पुढे पोरं, मागे गाठोडी. मग पूल रिकामा झाला आणि ताईचा फोन आला.

“आलो बाई सगळे. शेजारच्या आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. मंडळी तुझ्या नावाने खडे फोडतायत, आणि माझ्याही. काही झालं नाही ना, तर मला तिथे तोंड दाखवायची सोय उरणार नाही.”

“तू तिथेच थांब.”

मोकळी जागा संपत आली होती. उरलीसुरली तिने नोंदींना देऊन टाकली. आता सरकवायला काही उरलं नव्हतं. स्क्रीनवरचा नोंदींचा आकडा चढत होता, चढत होता.

आणि थांबला.

तिने वाट पाहिली. आकडा हलेना. नोंदींच्या वाट्यात अजून थोडी जागा होती, पण एकाही खांबाकडून एकही नोंद येईना.

साहेब तिच्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. इतक्या वेळात पहिल्यांदाच ते हसले. “थांबला! बघ, थांबला डोंगर. उगाच राईचा पर्वत केलास. बोलाव तुझ्या ताईला परत.”

तिलाही एकदम हलकं वाटलं आणि लाजही वाटली. आता ताईला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत तिने फोन उचलला आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं.

खांब नव्हते. ते जिथे रोवले होते, तो उतारही नव्हता.

आवाज त्यानंतर आला.