येतो म्हणाला होता

परग्रहावरच्या एका गाजलेल्या मालिकेचा नायक ओरू दर भागात पृथ्वीवरच्या एखाद्याची अडचण सोडवत असे. या वेळी त्याने पुष्पाताईंच्या मुलाला, हेरंबला, चंद्रावरून उचलून थेट वेंगुर्ल्याला, त्यांच्या अंगणात आणलं.

"हा निघताना 'येतो' म्हणाला होता," ओरू कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. "आई अजून वाट बघतेय. दिलेला शब्द आम्ही पाळायला लावतो."

"अरे शहाण्या, निघताना सगळेच 'येतो' म्हणतात!" पुष्पाताई कडाडल्या. "उंबऱ्यावर कुणी 'जातो' म्हणतं का? अभद्र मेलं!"

हेरंबचं मंगळावर जाणारं यान संध्याकाळी चंद्रावरून सुटणार होतं. त्याचं सगळं शिक्षण त्याच प्रवासासाठी झालं होतं. ओरू त्याला परत सोडायला तयार होता. मात्र तो पुन्हा 'येतो' म्हणाला, तर पुन्हा उचलून आणणार होता. मालिकेचा तसा नियमच होता.

हेरंब पायरीवर थांबला.

"म्हण रे बाबा," पुष्पाताई म्हणाल्या. "मी कान झाकून घेते."

"आई, जातो," हेरंब म्हणाला.

पुष्पाताईंनी कान झाकले नव्हते.