कुंपणाआतला प्राणी

सकाळी कौतिका फाटकाशी पोचली तेव्हा पहारेकरी शालिकने तिला पडद्यावर तिचे वडील दाखवले. वाळकी नदीकाठच्या उंच गवतात डोमाजी पाय मोडून पडले होते. हे खोरं राखीव होण्याआधी त्यांनी तिथे चाळीस वर्षं गुरं चारली होती. काल ते नदी बघायला म्हणून आत गेले होते.

"मग आणा ना त्यांना बाहेर!"

"काल गवतात ते मला दिसलेच नाहीत, ताई. सूर्य मावळल्यावर जो आत राहतो, त्याला हे फाटक चालवणारं यंत्र खोऱ्यातला प्राणी धरतं. प्राण्याला बाहेर काढता येत नाही."

"माणूस आहेत ते!"

"तीनदा कळवलं. वर ऐकणारंही यंत्रच आहे."

"मला आत जाता येईल?"

"येईल, पण संध्याकाळच्या आत परत या."

कौतिकाने डोमाजींना पाणी पाजलं, पाठुंगळीला घेतलं आणि बसत-उठत दिवस कलताना फाटक गाठलं. फाटक उघडलं नाही.

पलीकडून शालिक ओरडला, "ताई, त्यांना खाली ठेवा, तरच उघडेल! पाच मिनिटं उरलीत!"

"नाही ठेवणार."

"घरी तुझी पोर आहे," डोमाजी तिच्या कानाशी म्हणाले.

तिने पकड आणखी घट्ट केली. तेव्हा डोमाजींनीच दोन्ही हातांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि ते गवतात घसरले. फाटक उघडलं. शालिकने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.