सरावाची शिट्टी

नवऱ्याने शिट्टी फुंकली आणि तिच्या हातातला घडी घालायचा टॉवेल खाली पडला. ही सरावाची शिट्टी नव्हती. आग लागली तर घराबाहेर कसं पडायचं, याचा सराव रविवारी सकाळी व्हायचा. आज भरदुपार होती आणि पुढच्या दाराच्या फटीतून काळा धूर आत येत होता.

"जिन्यातली मीटरची पेटी पेटलीय! मागच्या दाराने चला!"

तिचं डोकं बधिर झालं तरी हातपाय थांबले नाहीत. इतके रविवार नवऱ्याने सगळ्यांना वैताग आणून हे अंगवळणी पाडलं होतं. तिने कागदपत्रांची पिशवी खांद्याला अडकवली. थोरल्या लेकीने टॉर्च आणि औषधांचा डबा उचलला. धाकटीने कुणी न सांगता ओला रुमाल नाकाला लावला. नवऱ्याने गॅस बंद केला, सगळ्यांना पुढे घातलं आणि दार ओढून घेतलं. मागच्या लोखंडी जिन्यावरून चौघं धडाधड खाली उतरली.

खाली नुसता गोंधळ होता. शेजारचे काका अंगाला साबण तसाच घेऊन पळाले होते, आणि हातात काय, तर टीव्हीचा रिमोट! त्यांच्याकडे बघून नवऱ्याला धापेतही हसू आलं.

"मला वेडा म्हणत होतात ना? बघा आता. आपलं काही म्हणजे काही राहिलं नाही वर."

धाकटीने तोंडावरचा रुमाल काढला.

"बाबा, आजीला कोण आणणार होतं?"

सासूबाईंना आणायचं काम कुणाला दिलेलंच नव्हतं. पहिल्या सरावाला त्या बिचाऱ्या काठी टेकत उठल्या होत्या. जिन्यात सगळे त्यांच्यामागे खोळंबले, नवरा चिडला. तेव्हा तिनेच त्यांना परत खाटेवर बसवलं होतं. "आई, तुम्ही आपल्या पडून राहा बघू. शिट्टी वाजली तरी उठायचं नाही."

पिशवी तिथेच टाकून ती जिना चढू लागली. मागून नवरा आईला हाका मारत येत होता. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. तिला फक्त एकच भीती होती, की वरून ओ येणार नाही.

तिने दार ढकललं. आतल्या खोलीत हाताचं बोट दिसत नव्हतं. चाचपडत ती खाटेपाशी पोचली. सासूबाई तिथेच होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकून जीव अर्धा झाला होता, तरी दोन्ही हातांनी त्यांनी खाटेची कड घट्ट धरून ठेवली होती.

सुनेचा हात लागताच त्या चाचरत म्हणाल्या,

"झाला का गं सराव? मी नाही हो उठले."