रिकामी वाटी

ठिबकचं मशीन सकाळीच पुन्हा गप्प झालं. तेही शेजारच्या साखरबाई मुद्दाम बघायला आल्या असताना. पूर्वीनं स्वतः प्रोग्राम लिहून लासुर्ण्यातल्या पेरूच्या बागेत बसवलेलं ते मशीन नीट चाललं, तर साखरबाई आपल्या भेंडीला तसंच घेणार होत्या. नाहीतर कंपनीचं.

मोहनराव एरवी लेकीचं कौतुक सांगताना थकत नसत. आता त्यांचं तोंड उतरलं. "बंद करून चालू कर की गं. लगेच चालतंय."

"चालंल आबा. पण परवा परत बंद पडंल," म्हणत पूर्वी पंपाच्या खोलीतच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली.

तिनं ओलावा मोजणारी वायर ओढली, जोडली, पुन्हा ओढली. स्क्रीनवरचा शिल्लक मेमरीचा आकडा वायर ओढली की उतरायचा. वर यायचं नाव नाही.

"सापडलं! काकी, रीडिंग घ्यायला प्रोग्राम थोडी मेमरी उसनी घेतो, काम झालं की परत देतो. पण वायर हलली, रीडिंग चुकलं, की मधूनच माघारी फिरतो. परत द्यायचंच राहतं. साठून साठून मशीन अडतं. तुमची वाटी न्हाय का आमच्याकडं राहिलीय..."

"व्हय की! विरजणाची. कवाची!"

मोहनराव उगाच खाकरले.

पूर्वीनं प्रोग्राम जिथून माघारी फिरत होता, तिथं मेमरी सोडायची एक ओळ घातली. मशीन चालू केलं, वायर ओढली. आकडा उतरला आणि पुन्हा जागेवर आला. दहादा ओढली तरी तेच. बाहेर पेरूच्या बुडाशी पाणी ठिबकू लागलं.

"वाटीत काय घालून देतो का न्हाय त्यो?" साखरबाईंनी विचारलं.

"न्हाय काकी, तितं रिकामीच द्यायची. आधी मी परत दिलेल्या मेमरीतच लिहीत बसले हुते, तुमच्या घरी गेलेल्या वाटीत विरजण लावल्यागत. सगळा घोटाळा झाला!"

साखरबाई खळखळून हसल्या. "असलंच बसव आमच्या भेंडीला. कंपनीचं नगं."

मोहनराव घरात गेले. परतले ते बांधावर साखर सांडत. वाटी शिगोशीग भरली होती.

"अवो भावजी, एवढी?"

"ती प्रोग्रामची रीत, वैनी," मोहनराव म्हणाले. "आज रिकामी वाटी द्यायला माझा हात धजंल व्हय?"