वरच्या सुराआधी

मला गाता येत नाही, म्हणून आमच्या एका खोलीच्या शाळेत गाणं शिकवायचा रेडिओ. अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या खेड्यांत तेव्हा असंच चालायचं. दर बुधवारी लिंडक्विस्ट गुरुजी त्या खोक्यातून एकेक ओळ म्हणायचे आणि माझ्या शाळेतली अकरा पोरं त्यांच्या मागून. त्या हिवाळ्यात गुरुजींची सर्दी काही हटेना. वरचा सूर लावण्याआधी ते दोनदा खोकायचे. पोरंही तिथं इमानदारीत दोनदा खोकायची.

मे महिन्यात राजधानीत, मॅडिसनला, रेडिओवर हेच गाणं शिकलेल्या गावोगावच्या शाळा गुरुजींसमोर एकत्र गाणार होत्या. मी महिनाभर आधीपासून दटावत होते, "तिथं कुणी खोकलंत तर याद राखा! माझी अब्रू घालवाल."

"पण बाई, गुरुजी खोकतात की!" आठ वर्षांची सिग्रिड म्हणाली.

"ते आजारी आहेत म्हणून. गाण्यात नाहीये ते खोकणं!"

सभागृहात सातशे मुलं उभी राहिली. गुरुजींनी हात उचलले, गाणं सुरू झालं आणि ती जागा आली. माझ्या अकरा जणांनी तोंडं घट्ट मिटून घेतली. बाकीची सगळी मुलं मात्र एका तालात दोनदा खोकली.

गुरुजींचे हात हवेतच राहिले. मग ते हसता हसता डोळे पुसायला लागले. "म्हणजे खरंच ऐकत होतं की कुणीतरी!"

सिग्रिड माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. "बघा बाई, तुमच्यामुळं आम्हीच तेवढे चुकलो!"